काटकोनाच्या बाई

पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंनी माझं नाव विचारलं नाही. "हात दाखव," म्हणाल्या. मी दोन्ही तळवे पुढे केले. मला वाटलं, भविष्य वगैरे सांगतायत की काय. त्यांनी माझी बोटं एकेक करून चिमटीत धरली, आधी डाव्या हाताची, मग उजव्याची, आणि म्हणाल्या, "दहा. जातानाही दहाच न्यायची. कमी घेऊन गेलीस तर पुन्हा यायचं नाही."

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं, दर शनिवारी आणि रविवारी, आत शिरताना आणि बाहेर पडताना माझी बोटं मोजली गेली. इतकी माया मला घरीही कोणी दाखवली नव्हती.

घाटकोपरला डोंगराच्या बाजूला जी जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथे तळमजल्यावर बाईंचा गाळा होता. एका बाजूला पँटच्या चेन बनायच्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकचे डबे, आणि मधे बाई. सरकारी तंत्रशाळेत तीसेक वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झालेल्या. नोकरीला लागल्या तेव्हा वर्गातली पोरं म्हणे हसली होती, बाई काय सुतारकाम शिकवणार म्हणून. बाईंनी पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला, गुण्या लावून तपासला आणि एकेक करून सगळे खिडकीबाहेर टाकले. मग स्वतः एक कापला आणि म्हणाल्या, "हा टाका खिडकीबाहेर. टाकता येत असेल तर." कोणाला टाकता आला नाही.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. एक जाड पट्टी आणि तिला काटकोनात बसवलेलं लोखंडी पातं. बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा बाईंच्या पर्समध्ये गुण्या असायचा. कोणाच्या घरी गेल्या की पाणी यायच्या आत तो बाहेर यायचा. खिडकीची चौकट, भिंतीवरचा फोटो, टीव्हीखालचं कपाट, सगळ्याला एकदा लावून बघायच्या. भांडुपला आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या आईला नमस्कार करायच्या आधी त्यांनी दाराला गुण्या लावला.

"दोन सूत, चांगला पाव इंच बाहेर आहे," त्या आईला म्हणाल्या.

आई मालवणकडची. ती म्हणाली, "गो बाय, तीस वर्सां आम्ही ह्याच दारातसून येतंव-जातंव. खंय अडाकलंव नाय."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "सवय झाली."

नंतर आईने घावणे वाढले. बाईंनी पाच खाल्ले आणि त्यातल्या एकालाही गुण्या लावला नाही, हे आई पुढे कित्येक दिवस कौतुकाने सांगत होती.

बाहेर बाई नीटनेटकी साडी नेसायच्या, पण गाळ्यात नवऱ्याची पँट आणि त्याचाच अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोही आत खोचलेला. फिरत्या पात्याजवळ लोंबणारं काहीच नको, हा नियम. ओढणी, बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं, सगळं दाराजवळच्या बिस्किटांच्या डब्यात काढून ठेवायचं. ज्यांचे शर्ट जायचे ते काका चांगले ठणठणीत होते आणि अधूनमधून गाळ्याच्या दारात येऊन उभे राहायचे. "निळा चेक्सचा परत दे," म्हणायचे. "मला पण कधी बाहेर जावं लागतं."

बाई वळून न बघता म्हणायच्या, "पांढरा घाल. निळ्याला फेविकॉल लागलाय."

मी तिथे कशी पोचले, तर स्वयंपाकघरात एक फळी हवी होती, एवढ्यावरून. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचे. दिवसभर स्क्रीनसमोर बसून लोकांच्या मोडलेल्या वस्तूंचे फोटो बघायचे. स्वतःच्या हाताने एखादी वस्तू करावी, असं फार वाटायला लागलं होतं. बाई शिकवतात असं कोणीतरी सांगितलं. मला वाटलं, दोन रविवार पुरतील.

"फळी?" बाई म्हणाल्या. "फळी नंतर. आधी गाडी कर."

गाडी म्हणजे काय ते सांगते. गाळ्याच्या मधोमध एक टेबल सॉ होता. लोखंडी टेबल, आणि त्याच्या पोटातून वर आलेलं गोल फिरतं पातं. अशा टेबलावर लाकूड नुसतं हाताने धरून आडवं कापायला गेलं तर ते जरासं फिरतं, पात्यात अडकतं आणि उलटून अंगावर येतं. म्हणून लाकूड एका सरकत्या पाटावर ठेवायचं आणि अख्खा पाटच पात्यावरून पुढे ढकलायचा. प्लायवूडचा तळ. तळाखाली सागाच्या दोन पट्ट्या, त्या टेबलावरच्या खोबणीत घसरतात. आणि तळावर एक उभी जाड फळी, तिला लाकूड टेकवायचं. इंग्रजीत याला स्लेड म्हणतात, बाई गाडी म्हणायच्या आणि त्या उभ्या फळीला गाडीची पाठ. पाठ पात्याशी अगदी काटकोनात असेल, तरच कापलेलं प्रत्येक लाकूड काटकोनात. पाठ केसभर तिरकी असेल तर तुम्ही आयुष्यभर जे काही कराल ते केसभर तिरकं.

"दुसऱ्याच्या गाडीवर हात बसत नाही," बाई म्हणायच्या. "आपली गाडी आपण करायची. ती पास झाली की मग फळी कर, पलंग कर, जहाज कर."

सागाच्या पट्ट्या रंध्याने तासून तासून खोबणीत बसवायला मला तीन रविवार लागले. घट्ट झाल्या तर गाडी हलत नाही, सैल झाल्या तर डुगडुगते. बाई पट्टीवर मेणबत्ती घासायच्या आणि एका बोटाने गाडी ढकलून बघायच्या. चौथ्या रविवारी त्यांच्या एका बोटावर गाडी सरकली तेव्हा मी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "टाळी कसली? अजून पाठ कुठाय?"

खरी परीक्षा पाठीची. बाई ती पाच कापांनी घ्यायच्या. प्लायचा एक चौकोनी तुकडा घ्यायचा, एक बाजू कापायची. कापलेली बाजू पाठीला टेकवून दुसरी कापायची. तशीच तिसरी, चौथी. मग पहिली बाजू पुन्हा एकदा कापायची, तो पाचवा काप. त्यातून जी पट्टी सुटते ती दोन्ही टोकांना मोजायची. पाठीत काही चूक असेल तर ती प्रत्येक कापात साठत जाते आणि या पट्टीत चौपट होऊन समोर येते. एक टोक जाड, एक बारीक.

बाई ती पट्टी जाडी मोजायच्या जुन्या व्हर्नियरमध्ये धरायच्या, ट्यूबलाइटखाली जायच्या, व्हर्नियर नाकाला लावायच्या, तिरका करायच्या, पुन्हा नाकाला लावायच्या. मग आकडा सांगायच्या. "डाव्या टोकाला जास्त आहे. नापास."

मी स्क्रू सैल करून पाठ जरा सरकवायची, पुन्हा पाच काप. "आता उजव्या टोकाला. नापास."

असं दहा वेळा झालं. माझ्याबरोबर शिकायला आलेले दोघे कंटाळून निघून गेले, एक तर जाताना ओढून आणलेलं प्लायही सोडून गेला. मी टिकले, कारण मला नापास व्हायची सवय नव्हती आणि त्यामुळे ते झोंबत होतं. बाई मला धीर द्यायच्या. "होईल गं पोरी. तुझं वय काय आहे? आत्ताच तर आयुष्य सुरू झालंय." मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मला वाटायचं, बाई किती प्रेमाने बोलतात.

शेवटी मी आकडे दाखवणारा डिजिटल व्हर्नियर विकत घेतला आणि बाईंना दाखवला. त्यांनी हातात धरून वजन केल्यासारखं केलं आणि परत दिला. "बॅटरी संपली की काटकोन पण संपणार का?"

त्या रविवारी मी अकराव्यांदा नापास झाले. बाई वैतागल्या. "बघ, कसं असतं," म्हणून त्यांनी स्वतःच्या जुन्या गाडीवर पाच काप घेतले, पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि काकांना कसला तरी शर्ट द्यायला दारात गेल्या. मी माझी पट्टी आणि त्यांची पट्टी, दोन्ही पर्समध्ये टाकल्या. घरी नीट मोजून बघावं, आपलं नक्की काय चुकतंय, एवढाच विचार.

घरी ओट्यावर दोन्ही मोजल्या. माझ्या पट्टीच्या दोन टोकांत फरक जवळजवळ नव्हताच. बाईंच्या पट्टीत तीन मिलिमीटर होता.

तीन मिलिमीटर मोजायला यंत्र लागत नाही. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. मीही तो गाळ्यात बघितला असणार, पण बाईंनी कापलेली पट्टी म्हणजे सरळच, असं धरून चालले होते. मी दोन्ही पट्ट्यांकडे बघत बसले आणि हळूहळू लक्षात आलं. माझी गाडी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच बरोबर झाली होती. पुढे बाईंच्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी ती वाकडी करत होते, मग सरळ, मग पुन्हा वाकडी. आणि बाई बोटं मोजायच्या ती धरून, बघून नाही.

ही बाई कोण जाणे कधीपासून फिरत्या पात्यावर आवाजाच्या आणि स्पर्शाच्या जोरावर लाकूड कापत होती.

आठवडाभर मी ऑफिसात कोणाचाही दावा धड तपासला नाही. काय सांगायचं आणि कसं सांगायचं? विमा कंपनीत आम्ही पत्र पाठवायचो, सदर प्रकरणी खेद वाटतो वगैरे. शनिवारी बाईंनी माझी बोटं मोजून झाल्यावर मी त्यांच्या हातात ती पट्टी ठेवली.

"बाई, ही जरा बोटांनी बघा."

त्यांनी पट्टी मधोमध मोडली. दोन्ही टोकं एकमेकांशेजारी लावली आणि त्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

"एवढी वाकडी? कोणाची ही?"

"तुमची," मी म्हणाले.

बाजूच्या गाळ्यातलं चेनचं मशीन खडखडत होतं. बाई त्यांच्या गाडीपाशी गेल्या, पाठीवरून हात फिरवला, एका टोकाला दाबून बघितलं. ते टोक हललं. स्क्रू कधीचा सैल झाला होता.

बाईंच्या तोंडातून पहिला शब्द आला तो "डेस्कं."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. इस्टेटच्या मागच्या वस्तीत एक विहार होतं आणि वरच्या मजल्यावर अभ्यासिका. परीक्षा देणारी मुलं, माणसं तिथे अभ्यासाला बसायची. तिच्यासाठी बाईंनी वर्षभरापूर्वी बावीस डेस्कं करून दिली होती. त्यांच्या वडिलांची शाळा सुटली होती ती बसायला जागा नाही म्हणून, असं त्या एकदा बोलता बोलता सांगून गेल्या होत्या. ती सगळी डेस्कं याच गाडीवर कापलेली.

"बाई, तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतं की. लाइटभोवती जरा फुलं दिसतात, एवढंच." मग त्या स्टुलावर बसल्या. "मोतीबिंदू आहे म्हणाले डॉक्टर. दोन्हीकडे. झाली दोन वर्षं."

"मग ऑपरेशन का नाही केलंत? आजकाल अर्ध्या तासाचं असतं."

"डोळ्यात हत्यार घालणार तो. त्याचा हात कसा आहे मला काय माहीत? मी त्याचं काम कुठे बघितलंय?"

मी हसले, पण बाई हसत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. एवढ्या मोठ्या पात्यापुढे न डगमगता उभी राहणारी बाई.

मग त्या उठल्या, मशीनची पिन सॉकेटमधून काढली आणि म्हणाल्या, "आजपासून मी मशीनला हात लावणार नाही. तू चालवायचं, मी बसणार."

"पण माझी गाडी पास कुठे झालीय?"

"किती फरक आहे तिच्यात?"

मी आकडा सांगितला.

"तुझ्या त्या बॅटरीवाल्याने मोजलंस?"

"हो."

"पास," बाई म्हणाल्या, आणि लगेच, "चल, अभ्यासिकेत जाऊ."

अभ्यासिका बघणारे गृहस्थ मनाने फार चांगले होते. बाईंचं म्हणणं ऐकून ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, कोणाची तक्रार नाही हो. थोडी हलतात, पण फरशीच वाकडी आहे."

बाईंनी पर्समधून लेव्हल काढून फरशीवर ठेवली आणि मला बुडबुडा बघायला सांगितला. तो बरोबर मधोमध होता. "फरशीला बोलू नका," त्या म्हणाल्या. मग बावीसही डेस्कांच्या मधून फिरल्या, प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत. वाचणारी माणसं मान वर करून बघत होती. फिरून झाल्यावर त्या मधे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही डेस्कं मी केलीत. चुकलीत. सगळी परत करून देणार."

एकजण म्हणाला, "ओके."

परीक्षांचे दिवस होते, त्यामुळे दर शनिवारी दोनच डेस्कं न्यायला मिळायची. मी एक उचलायची, काका दुसरं. सांधे सोडवायचे, पाय आणि आडव्या पट्ट्या माझ्या गाडीवर पुन्हा कापायच्या, जोडायच्या, आणि रविवारी डेस्कं परत पोचवायची. बाई स्टुलावर पाठीमागे हात बांधून बसायच्या. त्यांना कापाच्या आवाजावरून सगळं कळायचं. "घाई करतेयस. पातं ओरडतंय." किंवा, "लाकूड पाठीला नीट टेकलेलं नाही, पुन्हा धर." कसं कळायचं कोणास ठाऊक, पण कळायचं. पात्याच्या रेषेत मी चुकून जरी उभी राहिले तरी माझ्या आवाजाच्या दिशेवरून ओळखून ओरडायच्या, "बाजूला हो!"

सहाव्या आठवड्याला काकांनी मुलुंडचा एक डॉक्टर ठरवला. तपासायला गेले तेव्हा बाईंनी त्या डॉक्टरला हात पुढे करायला लावले. मग कागद-पेन दिलं आणि पट्टीशिवाय सरळ रेघ काढायला सांगितली. काका म्हणाले, त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टर तरुण होता, हसरा होता, त्याने रेघ काढली. बाईंनी कागद नाकाला लावून बघितला आणि काकांना म्हणाल्या, "याच्याकडे करू."

आधी एक डोळा झाला, मग महिन्याभराने दुसरा. मधल्या काळात काका मोबाइलवर गजर लावून थेंब घालायचे आणि बदल्यात एकेक शर्ट परत मिळवायचे. मी एकटीने डेस्कं करत होते. काकांना मशीन कळत नव्हतं, पण "कोणी शेजारी असल्याशिवाय चालू करायचं नाही" असं बाईंनी बजावलं होतं म्हणून ते निळा चेक्सचा शर्ट घालून स्टुलावर बसायचे आणि पेपर वाचायचे.

दुसऱ्या डोळ्यानंतर बाई गाळ्यात आल्या तो दिवस मला चांगला आठवतो. दारात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काय झालं बाई?"

"तुझे केस पांढरे आहेत!"

"हो, मग?"

"अगं, तू तर बाई आहेस चांगली. मी तुला पंचवीसची समजत होते." त्यांना खरंच धक्का बसला होता. "लग्नाची घाई करू नकोस म्हणून सांगत होते मी तुला!"

काका पेपरामागे तोंड लपवून हलत होते.

मग बाईंनी गाळा बघितला. कोळ्यांची जाळी, रंगाचे ओघळ, दोन वर्षांत स्वतः केलेली कपाटं. "बाप्पा, काय घाण आहे ही," एवढंच म्हणाल्या. शेवटी माझ्या गाडीपाशी आल्या, वाकून पाठीकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं. "स्क्रूची डोकी वर राहिलीत," त्या म्हणाल्या, आणि पिन लावून माझ्याच गाडीवर शेवटच्या डेस्कासाठी पट्टी कापायला घेतली. पाठीमागे हात बांधून मी स्टुलावर बसले. पातं एकदाही ओरडलं नाही.

ते शेवटचं डेस्क एका पोलीस शिपाई बाईंचं. खात्याच्या परीक्षेला बसल्या होत्या. "माझं सगळ्यात शेवटी न्या, हो," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी सकाळी आम्ही डेस्क नेऊन ठेवलं तेव्हा त्या ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या, खाकी पँटवर टी-शर्ट. बसल्या, पिशवीतून पुठ्ठ्याची एक घडी काढली, वाकून डाव्या पायाखाली सरकवली आणि कोपर टेकवलं. डेस्क डुगडुगलं.

"हलतंय अजून," त्या म्हणाल्या. "पण चालतंय हो. एवढी धावपळ केलीत तुम्ही."

माझा चेहरा पडला. बाई मात्र फरशीवर गुडघे टेकून खाली वाकल्या, पुठ्ठा दोन बोटांनी बाहेर ओढला आणि वर धरला.

"हे काय?"

"ते लावायचंच असतं," शिपाई बाई म्हणाल्या. "मी वर्षभर लावते."

"आता टेका."

त्यांनी एक कोपर टेकवलं, मग दुसरं. मग दोन्ही हातांनी डेस्क धरून गदागदा हलवायचा प्रयत्न केला, चोराला धरून हलवावं तसा. डेस्क तसंच उभं. त्यांनी खाली बघितलं, बाईंकडे बघितलं, पुठ्ठा बाईंच्या हातात राहू दिला आणि पुस्तक उघडलं. क्षणात त्या आम्हाला विसरल्या.

मी बाईंना खुणेनं म्हटलं, चला. पण बाई हलेनात. शिपाई बाईंच्या खांद्यामागे उभ्या राहून त्या पुस्तकाच्या पानाकडे बघत होत्या. बारीक अक्षरांचं, दाट छापलेलं पान, कुठल्या तरी कायद्याचं. बाईंचे ओठ हलायला लागले आणि मग त्या शांत खोलीत त्यांनी मोठ्याने, शब्द न शब्द सुटा करत, एक अख्खी ओळ वाचली.

खोलीतल्या माना वर झाल्या. शिपाई बाई दचकून मागे वळल्या. "बाई, तुम्हाला एवढ्या लांबून दिसतं?"

"दिसतं," बाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचायला लागल्या.